एका दिवसाचा खाडा

सन दोन हजार चोवीस, वैशाखातला दुसरा मंगळवार. सोलापूर तव्यासारखं तापलेलं. बंद पडलेल्या एका गिरणीची जुनी कागदपत्रं एका संस्थेनं सांभाळून ठेवली होती. तिथं राखणीला मडिवाळप्पा. वय चौऱ्याहत्तर, शाळा चौथीपर्यंत, मान ताठ. गिरणी चालू होती तेव्हा तो तिथंच मागावर होता. दुपारी तो सोनालीला चहा द्यायला आत गेला.

सोनाली हजेरीपटांचे फोटो संगणकात घालत होती. एकाच मशीनवर तिनं नावं शोधून देणारे तीन सर्च सर्व्हर चालवले होते. सूतखात्याला एक, मागखात्याला एक, रंगखात्याला एक. वर नावाची वेगवेगळी रूपं जुळवणारं, स्वतः लिहिलेलं एक्स्टेन्शन जोडलं होतं. गुरप्पा लिहा की गुरुपा, माणूस एकच सापडायचा.

"खरी हजेरी कुटली, खोटी कुटली, त्ये कळतं का त्याला?"

"नाही अप्पा. लिहिलंय तेच सापडतं."

मडिवाळप्पाला बरं वाटलं.

मग सोनाली थबकली. "मी तीनच चालू केले होते... हा चौथा कुणाचा?"

त्या चौथ्यात कुठलंही नाव टाका, एकच ओळ यायची. बारा मार्च १९८७, मागखातं, माग नंबर एक्केचाळीस, गुरप्पा, हजर.

तिनं त्या पानाचा फोटो उघडला. "अप्पा, एक्केचाळीसवर तर तुमचं नाव आहे."

तिनं एक्स्टेन्शन काढलं. तिन्ही सर्व्हर बंद केले. चौथा चालूच. खोलीत तेलाचा, ओल्या सुताचा वास सुटला. भिंतीपलीकडं एक माग चालू लागला. खट... खट... पलीकडं नुसतं मोकळं रान होतं.

"माझीच काहीतरी चूक असेल. पुसून टाकू?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं.

"नगं पुसू," मडिवाळप्पा म्हणाला, आणि खाली बसला.

सत्त्याऐंशीतल्या त्या दिवशी तो अक्कलकोटला गेला होता. खाडा पडू नये म्हणून त्याच्या नावावर सोबतचा गुरप्पा, स्वतःची सुट्टी असताना, मागावर उभा राहिला. गिरणीत असं चालायचं. आज तू माझ्या जागी, उद्या मी तुझ्या. त्याच दिवशी गुरप्पा मागाच्या पट्ट्यात सापडून मेला. पटात त्याचं नाव नव्हतं. साहेब म्हणाले, पितळ चोरायला शिरला होता. एका शब्दानं तो डाग निघाला असता, पण मडिवाळप्पाची नोकरी गेली असती. तो गप्प राहिला.

दुसऱ्या दिवशी तो सोनालीला घेऊन कुंभारीला गेला. गुरप्पाची बायको दाक्षायणी उंबऱ्यात बसली होती. तिच्यासमोर त्यानं सगळं सांगितलं. सोनालीनं लिहून घेतलं. त्यानं सही केली.



"त्येंचं सामान न्यायाला आले तवा त्येंचा डबा तुमच्या खुंटीला व्हता," दाक्षायणी म्हणाली. "मी तवाच वळखलं. तुमी बोलाल म्हनून वाट बघितली की."

मडिवाळप्पानं मान खाली घातली. जन्मात पहिल्यांदा.

गुरुवारी सोनालीनं तो जबाब त्या पानाला जोडला. तीन सर्व्हर चालू झाले. चौथा नव्हता.

मडिवाळप्पानं कपाट उघडून मूळ हजेरीपट काढला. एक्केचाळीसवर गुरप्पा, हजर. खाली मडिवाळप्पा, खाडा.

शाई ओली होती. बोटाला लागली.

त्यानं पट मिटला. एका दिवसाची हजेरी ज्याची त्याला गेली.