खाली म्हणजे खाली

"खाली म्हणजे खाली! भरलेली बादली दोन जिने उतरून खाली ठेवून आले मी. आणि तुम्ही दात काढताय?"

वसुधा माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती हे. बोलली कसली, चढलीच अंगावर.

मी त्यांचा कूलर दुरुस्त करत होतो. टाकीतलं गढूळ पाणी बादलीत काढलं आणि मान वर न करताच म्हटलं, "बादली खाली करा जरा." भोपाळात जन्मलेलं कुणीही असतं तर मोरीत ओतून आलं असतं. पण ही पुण्याची. वडिलांची इथं पिपलानीला, कारखान्याच्या वसाहतीत बदली झाली, नुकतंच सामान लागलेलं. ती बादली घेऊन तडक खालीच गेली.

"अहो, खाली म्हणजे रिकामी," मी म्हटलं.

"मग रिकामी म्हणा की! मराठी आहात ना?"

"आहोत. ग्वाल्हेरचे."

"तरीच. मराठीत पाणी फार झालंय तुमच्या."

मला झटकन राग येतो. नववीत शाळा सोडली ती पण रागातच. पण तिच्या ओढणीचं टोक भिजलं होतं, एक बट कपाळाला चिकटली होती... आणि राग आलाच नाही. मी नवी खस बसवली, बटण दाबलं. ओल्या खसची गार झुळूक खोलीभर पसरली. तिनं डोळे मिटले.

"वाळा..." ती पुटपुटली. "आम्ही माठात टाकतो."

"आम्ही खिडकीत लावतो."

"नाव काय तुमचं?"

"नरहर. नरू म्हणतात."

"नरहर," ती म्हणाली. अख्खं. सावकाश.

कारखान्यात मला हे नाव नव्हतंच. बाबा नोकरीत असताना गेले, त्यांच्या जागेवर मला घेतलं. परमनंट. लॉकर बाबांचं, स्टूल बाबांचं, आणि हाक? "ओ विश्वनाथ के लड़के!" भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर. माझा जीव रमायचा तो शिफ्ट सुटल्यावर. क्वार्टरच्या खिडक्या अरुंद, बाजारचा कूलर त्यात बसायचाच नाही. मी पत्रा कापून बसेल असा बनवला. मग शेजारी मागायला लागले, त्यांचे शेजारी मागायला लागले.

वसुधाचा कूलर मात्र त्या उन्हाळ्यात फारच बिघडला.

"आज आवाज करतोय."

दुसऱ्या दिवशी— "आज आवाजच करत नाहीये!"

एकदा उघडून बघतो तर पंपाची वायर कुणीतरी काढून, छान गुंडाळून ठेवलेली.

"उंदीर असेल," ती म्हणाली.

"गुणी आहे हं उंदीर. गाठ पण मारतो."

आतून तिची आई ओरडली, "वसू, परत बिघडला का गं?" आणि ती हसू लपवायला खिडकीकडे वळली. कूलरच्या वाऱ्यानं तिचे केस माझ्या हातावर आले. मी स्क्रूवर पेचकस धरून तसाच उभा... 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कुणास ठाऊक.

मग एका संध्याकाळी सांगूनच टाकलं. "हबीबगंजला गाळा बघितलाय. कूलरचं दुकान टाकणार. नोकरी सोडतोय."

"आणि क्वार्टर?"

"नोकरी गेली की क्वार्टर पण गेलं. आई मामाकडे राहील. मी गाळ्यातच झोपेन."

कूलरमधून पाणी ठिबकत होतं.

"म्हणजे पिपलानीत नसशील तू."

"नाही."

"बाबा म्हणतात, मुलगा परमनंटच हवा."

"आणि तू काय म्हणतेस?"

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. परत गुंडाळलं. "मी... सोडलीस की फोन कर. तेव्हा सांगेन."

सोमवारी राजीनामा दिला आणि हबीबगंजचं पीसीओ गाठलं. तिनंच उचलला.

"वसुधा... मी खाली आहे."

एक श्वास ऐकू आला. मग खट्! ठेवला फोन.

झालं. मिळालं उत्तर.

दुपारभर गाळ्यात बसून राहिलो. पत्रा कापायला घेतला, वाकडा कापला, लाथ मारली. संध्याकाळी सामान बांधायला पिपलानीला परतलो. तिच्या बिल्डिंगकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलंच.

शेवटच्या पायरीवर वसुधा. एका पायात तिची निळी चप्पल, दुसऱ्यात आईची. चेहरा लालबुंद.

"कुठं होतास रे? दुपारपासून शोधतेय! खाली आहे म्हणालास ना?"

मी बघतच राहिलो. "अगं... खाली म्हणजे... रिकामा. नोकरी सोडली म्हणून—"

"अरे देवा!" तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मला वाटलं, तू फोन आपटलास."

"धावत यायचं होतं ना मला!"

वरच्या कुठल्यातरी खिडकीत माझाच एक कूलर घुमत होता, आणि खसचा वास पायऱ्या उतरून येत होता.

"तेव्हा सांगेन म्हणाले होते ना," ती पायाकडे बघत म्हणाली. "आता सांगते. मला पण परमनंटच हवा. माणूस. नोकरीचं तू बघ."

"आणि तुझे बाबा?"

"त्यांना मी बघते." मग मान तिरकी करून, आपल्या त्या पुणेरी हिंदीत— "बसमध्ये कसं विचारतात? भाईसाब, सीट खाली है क्या?"

"भाईसाब काढ त्यातलं."

"सीट... खाली है क्या?"

"है," मी म्हटलं. "तेरे लिए।"

पाटी रंगवून झालीये. नाव तिनंच ठेवलं, 'वाळा'. पहिल्यांदाच माझं अख्खं नाव लिहिलंय त्याच्याखाली. आज तिच्या बाबांना गाळा दाखवायचाय, आणि मी इथं गाळ्याच्या माळ्यावर बसून हे लिहितोय. घ्या, हाक आली—

"नरहर!"

निघायला हवं आता. ती खाली उभी आहे. तिच्यावाली खाली.