कोबेहून येणाऱ्या ओळी

"ही बाई तिच्या कोडमध्ये डिस्कला इतकं ताटकळत ठेवते, की माणसाचा चहा गार होतो."

टेबलाखाली वायर लावत बसलेल्या मिहोकोने हे पुटपुटणं ऐकलं. तिने डोकं वर काढलं.

"ती बाई मीच."

लॅपटॉपवर वाकलेला माणूस गोरामोरा झाला. गळ्यातल्या पाटीवर नाव होतं... हायामा. सहा वर्षं तिला ईमेल लिहिणारा आणि एकदाही न भेटलेला.

"मला वाटलं होतं, तुम्ही उंच असाल," तो म्हणाला.

"आणि मला वाटलं होतं, तुम्ही अबोल असाल."

ओसाकाच्या त्या सभागृहात दर उन्हाळ्यात जुनी संगणकयंत्रं मांडली जात. त्यांच्या मंडळाचं वेडच तसं. सगळ्यांसाठी खुली असलेली एक युनिक्स प्रणाली, आणि सापडेल त्या प्रोसेसरवर तिला चालती करायची. एका जुन्या वर्कस्टेशनसाठीचा कोड मिहोको लिहायची, पण तिच्याकडे होतं ते लॅपटॉपमधलं नकली यंत्र, म्हणजे खऱ्याची नक्कल करणारा प्रोग्राम. खरं यंत्र कोबेला, हायामाकडे. दर आवृत्ती खऱ्या यंत्रावर सुरू करून कुणीतरी पडद्यावरच्या ओळी धाडायच्या, नाहीतर ते यंत्र यादीतून बाद, असा मंडळाचा नियम.

हायामा ओळी धाडायचा. खाली दोन वाक्यं, बंदरातल्या धुक्याची नाहीतर मांजराची. त्यापुढे कधी नाही.

आज ती हे काम दुसऱ्या कुणाकडे सोपवायला आली होती. नोव्हेंबरात तिचं लग्न होतं, मग कागोशिमाला राहायला जायचं होतं.

"हायामा, यंत्र कुठंय?" मंडळाच्या इवाताते आजोबांनी विचारलं.

"जड आहे हो ते..."

"मागच्या वर्षी तुझी पाठ धरली होती."

मिहोको सातूचा गार चहा ओतत राहिली. त्या यंत्राच्या घड्याळाची बॅटरी केव्हाच संपलेली. सुरू होताना ते दरवेळी कुरकुरायचं — तारीख चुकली आहे, तपासा. गेली दोन वर्षं हायामाच्या ओळींत ती कुरकुर नव्हती. नकली यंत्राचं घड्याळ चुकत नाही ना, आणि आता तोही तेच चालवत होता! बाकी सगळं त्याने बेमालूम जमवलं, एवढी एक ओळ घालायची राहिली. तिने पहिल्याच वेळी ओळखलं होतं. आणि उत्तर धाडलं होतं, 'मिळालं. मांजर बरं आहे ना?'

आजोबांनी यादी उघडली. "तर? ठेवू की खोडू?"

कुणीच कुणाकडे बघेना.

"खोडा," मिहोको म्हणाली. "ते यंत्र दोन वर्षांपूर्वीच गेलंय."

आजोबांनी एकदा दोघांकडे पाहिलं आणि यादी घेऊन ते पलीकडच्या टेबलाकडे निघून गेले.

"तुम्हाला माहीत होतं?" हायामाने विचारलं. "मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर तुम्ही कोणत्या निमित्ताने लिहिलं असतं?"

"बिननिमित्ताची तीन पत्रं लिहिली होती मी. पाठवली नाहीत."

मिहोकोने हातातला पेला खाली ठेवला.

"एक तरी पाठवायचं होतं, हायामा-सान," ती म्हणाली. "मग नोव्हेंबरातल्या लग्नाला मी हो म्हटलं नसतं."