पाच पायांचा घोडा

तुमचा विश्वास बसणार नाही, बसूही नये. पण एका घोड्यापायी आमच्या घरात चूल वेगळी व्हायची वेळ आली होती... आणि घोडा होता दोऱ्याचा!

गल्लीतल्या बायका मिळून वाचनालयासाठी भिंतभर पडदा भरत होत्या. कापड ताणलेलं आमच्याच पुढच्या खोलीत. नियम एकच : जिचा कोपरा तिचा, दुसरीनं त्याला हात लावायचा नाही. माझ्या थोरल्या सुनेनं झाड घेतलं, धाकटीनं घोडा. आणि एके दुपारी धाकटी बॅग घेऊन उंबऱ्यात उभी!

"माझा घोडासुद्धा या घरात धड उभा राहू देत नाहीत! रोज कुणीतरी त्याला उसवतं!"

थोरलीनं कात्री पदराआड लपवली. उसवणारी तीच होती! लोकांनी आपल्या लाडक्या जावेला हसू नये म्हणून त्या माउलीनं दुपारच्या झोपेवर पाणी सोडलं होतं, तेही मूकपणे... केवढा तो त्याग! केवढी ती कात्री!

"अगं, त्याला पाच पाय होते गं!"

"पाचवा पाय नव्हे, ती शेपटी होती, जाऊबाई!"

सगळ्या सुया थबकल्या. थोरलीला रडू फुटलं. लाज लपवायला ती आपल्या झाडाजवळ गेली, पदरानं डोळे पुसून अगदी नाक टेकवून पाहिलं... आणि चमकली.

"ही पानं इतकी नीट कशी? मला तर कधीपासून फांदीच दिसत नाही!"

धाकटीनं मान खाली घातली. "तुम्ही पानं आभाळात टाकत होता. लोक हसले असते... म्हणून मी रोज पहाटे उसवून..."

"चोरटे!"

"चोरट्या तुम्ही!"

आणि दोघी गळ्यात पडून अशा रडल्या, अशा रडल्या, की पानांचा रंग सुटून घोडा हिरवा झाला!

"जाऊ नकोस गं," थोरली हुंदक्यांतून म्हणाली. "पाच काय, दहा पाय भर. तुझा घोडा, तुझी मर्जी."

"मग तुमची पानंही आभाळातच राहू देत. तिथेच शोभतात ती."

बॅग आत गेली, आणि दोघींनी मिळून सगळं पुन्हा प्रेमानं बिघडवलं. पडदा भिंतीवर चढला तेव्हा तो घोडा पाचही पायांनी खिंकाळला, मी या कानांनी ऐकलं! आणि तेव्हापासून आजतागायत त्या दोघींत चकार शब्दाचं भांडण...

"धादांत खोटं, मामंजी!" आतून दोघी एका सुरात ओरडल्या. "सकाळपासून बोलत नाही आहोत आम्ही!"