तीन हिसके

माझ्या मावसबहिणीकडे, स्नेहाकडे, फरशी पुसणारा रोबो आहे. सोफ्याखाली अडकला की तो बाईच्या आवाजात मदत मागतो आणि घरातली चार धडधाकट माणसं त्याला काढायला धावतात. सिकंदराबादच्या एका हॉटेलात रोबो डोसा आणून देतो. लोक त्याच्याबरोबर फोटो काढतात, तोवर डोसा गार होतो. माझ्या रोबोबरोबर कुणी फोटो काढत नाही. तो मॅनहोलमध्ये उतरतो, तळाचा गाळ बादलीत भरतो आणि वर आणतो. बाकीचे सगळे रोबो एका पारड्यात घाला आणि माझा दुसऱ्यात, माझंच पारडं जड भरेल. हे मी, प्रबुद्ध, वय एकतीस, मेकॅनिकल इंजिनिअर, राहणार तारनाका, छातीवर हात ठेवून सांगतो.

ही नोकरी लागली तेव्हा आईनं एकच विचारलं होतं, "खाली कुणाला उतरावं लागत नाही ना?"

"नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच नाही, आई." तो शब्द मी तीन वर्षं पाळला होता.

माझ्या जोडीला अप्पाराव मामा असत. देगलूरकडचे, साठीला आलेले. पूर्वी बावीस वर्षं ते स्वतः कमरेला दोर बांधून गटारात उतरत. आता रोबोची देखभाल त्यांच्याकडे होती. ते त्याला जावईबापू म्हणत, कारण त्याला ऊन चालत नाही, धूळ चालत नाही आणि काम झालं की लगेच अंघोळ लागते.

त्या मंगळवारी सकाळी साडेदहाला आम्ही काचीगुड्याच्या मागच्या एका गल्लीत गाडी लावली. समोर शिंप्याचं मशीन खडखडत होतं. मामांनी पहारीनं झाकण सरकवलं, आम्ही तिवई उभी केली आणि रोबो पोलादी तारेवर खाली सोडला. खोली वीस फूट. मला पडद्यावर सगळं दिसतं. खालचं चित्र, विषारी वायूचं प्रमाण, तारेवरचं वजन. रोबो एकेचाळीस किलोचा आहे. वायूचा आकडा लाल होता. त्या हवेत माणूस दोन मिनिटंही टिकला नसता.

तीन बादल्या नेहमीसारख्या निघाल्या. चौथ्या वेळी वजनाचा आकडा दोनदा उसळला. मी चित्र पाहिलं, तर बादली काठोकाठ भरलेली. रोबोचा हात मी अजून हलवलाच नव्हता. हलवला असेल आणि विसरलो असेन, असं म्हणून मी बादली वर घेतली. पाचव्या वेळीही तसंच झालं. दोन हिसके आणि भरलेली बादली.

मामांचा चहा हातातच राहिला.

"साब, दोनदा हिसका दिला मंजे बादली वढा. आमचं आसंच राहायचं."

"तार विटेला घासतेय, मामा."

"हौ," ते म्हणाले, पण चहा त्यांनी ओतून दिला.

सहाव्या वेळी हिसके तीन आले. मी मामांकडे पाहिलं. ते उठून उभे राहिले होते.

"तीन म्हणजे?"

"मंजे मला वर घ्या."

मी रोबोचे हातपाय बंद केले. मोटर बंद केली. फक्त कॅमेरा चालू ठेवला. खालचं पाणी स्थिर होतं, त्यावर साधा तरंगही नव्हता. तरी आकडा उसळला. एक, दोन, तीन. थोडा वेळ थांबून पुन्हा तीन. मी तारेवर तळहात ठेवला. हिसके खालूनच येत होते. जोराचे नव्हते. दमलेल्या माणसाचे होते.

मागे वळलो तर मामा कमरेला दोर बांधत होते.

"मामा, काय करताय?"

"खाली मानूस हाय."

"कुणी नाही. झाकण आपणच उघडलं. कॅमेऱ्यात बघा."

"मग वढतंय कोन?"

मी घाबरलो होतो, हे लपवत नाही. पण भीती खालच्याची नव्हती. हा म्हातारा माझ्या डोळ्यांदेखत त्या लाल आकड्यात उतरेल आणि वर येणार नाही, याची होती. मी त्यांच्या कमरेचा दोर धरला. त्यांनी माझा हात झटकला. साठीच्या माणसात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"तीनदा हिसका आला का थांबायचं नस्तंय, साब!"

"थांबत नाहीच आपण," मी ओरडलो. "कोण का असेना, मशीनच वर काढेल. तुम्ही नाही."

ते थांबले.

मी बटण दाबलं. तार गुंडाळणारं चक्र फिरू लागलं.

एकेचाळीस. बेचाळीस. मग एकदम अठ्ठ्याण्णव.

बादली रिकामी होती. कॅमेऱ्यात फक्त विटा खाली सरकत होत्या.

अठरा फूट. दहा. चार. तार कुरकुरत होती. आकडा अठ्ठ्याण्णववरून हलला नाही.

रोबो काठावर आला. गाळाचा वास आला आणि त्यात कुठूनसा बिडीचा.

मग आकडा एकेचाळीसवर आला.

मामांनी जावईबापूंच्या अंघोळीची बादली उचलली. "वर आला का पैले डोळ्यावर पानी मारायचं," ते हळूच म्हणाले आणि खांद्याच्या उंचीवरून पाणी ओतलं. पाणी रस्त्यावर पडलं, पण सरळ पडलं नाही. हवेतच दुभंगलं आणि दोन बाजूंनी ओघळत खाली गेलं.

समोर शिंप्याचं मशीन थांबलं होतं.

"झालं ना, मामा?" मी विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "पैला वर येईना मंजे दुसरा बगायला उतरतो. आमच्यात नेहमी आसंच होतंय."

मी तिवईकडे वळलो. रोबो पुन्हा खाली सोडला.

तळ अजून सहा फूट लांब होता, तेव्हाच आकडा वाढू लागला.