मागच्या बैठकीचं वजन

त्या संध्याकाळी अन्सारला स्टेशनावर एकही गिऱ्हाईक मिळालं नाही. यात नवल काही नव्हतं. ट्राम बंद पडली तेव्हा नाशिकरोडचे टांगेवाले मनातल्या मनात मांडे खात होते, पण मांडे भाजून होण्याआधीच मोटारबस सुरू झाली. शहरात जाणारे उतारू आता तिकडेच धावायचे. अन्सारने आपल्या चांदणी घोडीसाठी हरभऱ्याचं पोतं घेतलं, पुढे आपल्या पायाशी ठेवलं आणि रिकामा टांगा नाशिकच्या रस्त्याला लावला.

टांग्याचं एक गणित असतं, ते आधी सांगितलेलं बरं. चाकं दोनच, त्यामुळे सगळा खेळ तोलाचा. ओझं पुढे झालं तर दांड्या घोड्याच्या पाठीवर दाबतात. मागे झालं तर त्या वर उचलल्या जातात आणि पोटाखालचा पट्टा आवळतो. याला उलाळ म्हणतात. मागे कोण चढलं, कोण उतरलं, हे कळायला मुरलेल्या टांगेवाल्याला मान वळवावी लागत नाही. त्याच्या बुडालाच ते कळतं.

स्टेशनाचे दिवे मागे पडले आणि दांड्या उचलल्या गेल्या. हळूच, सवयीचं माणूस बसल्यासारख्या. मागच्या बैठकीची एक फळी सैल होती, ती करकरली.

"कोण हाय?" अन्सारने विचारलं.

 त्याने लगाम खेचून मागे पाहिलं. बैठक रिकामी होती. खाली उतरून त्याने पट्टा चाचपला, चाकं पाहिली. पोतं पुढेच होतं, म्हणजे दांड्या दाबायला हव्या होत्या. आणि पट्टा तर चांदणीच्या पोटात रुतला होता. घोडी बिथरली मात्र नव्हती. ओळखीचं माणूस आलं की ती एक कान मागे वळवायची, तसा तिने वळवला होता.

तो पुन्हा वर चढला आणि पुढे निघाला. दोन्हीकडे वडाची झाडं, त्यांच्याखाली दिवस लवकर मावळतो. चाकांच्या आवाजाखाली त्याला कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता, सर्दी झालेल्या माणसाचा असतो तसा सूं सूं करणारा. नासर्डी नदीच्या पुलाअलीकडे एक वाकडा कडुनिंब आहे. तिथे टांगा एकदम हलका झाला. दांड्या खाली आल्या, चांदणीच्या पाठीवर आदळल्या.

अन्सारने बैठकीची कड घट्ट धरली. हा हलकेपणा त्याने आधी एकदा अनुभवला होता.

त्याचा दोस्त निजाम आणि तो एकाच मोहल्ल्यातले. टांगा अन्सारच्या बापाचा. बापाला दम्याने धरलं, तेव्हा लगाम पोराच्या हातात आला आणि मागच्या बैठकीवर निजाम आला. गिऱ्हाइकं बोलवायची, सामान चढवायचं, आणि पुढे माणसं जास्त झाली की मागे बसून तोल सांभाळायचा, ही त्याची कामं. "मी तुझा पासंग," असं तो म्हणायचा. उतरताना टांगा थांबवायची त्याला लाजच वाटे. रेहानाच्या खिडकीपुढे तर तो चालत्या टांग्यातूनच उडी मारायचा आणि मांजरासारखा पायांवर उभा राहायचा. रेहानाशी त्याची मंगनी झाली होती. खिडकी आतून बंद असायची, पण उडी झाली की आतून हसू ऐकू यायचं. अन्सारलाही ते हसू आवडायचं. पण मित्राच्या ताटातला घास तो आपल्या ताटात ओढायचा नाही.

मग सिंहस्थ आला. माणसांची रीघ लागली, दिवसरात्र त्र्यंबकच्या फेऱ्या. सोळा वर्षांची पोरं ती, हाडं खिळखिळी झाली. एका म्हाताऱ्या टांगेवाल्याने दोघांना हरभऱ्याएवढी अफूची गोळी दिली. "घ्या, दुखणं पळतं." अन्सारला भडभडून ओकारी झाली. निजामला मात्र फार छान झोप लागली. एवढाच काय तो फरक, बघा. त्याहून जास्त शहाणपण अन्सारमध्ये नव्हतं आणि त्याहून जास्त वाईट निजाममध्ये नव्हतं.

सिंहस्थ सरला, गोळी राहिली. पुढे गोळीने भागेना. कडुनिंबामागे पडक्या वीटभट्टीत मदकाचा अड्डा होता, तिथे निजाम चिलमीतून अफू ओढायला लागला. घरी येताना रोज म्हणायचा, "थांब ना रे. चार झुरके, आलोच." आणि अन्सार थांबायचा. संध्याकाळ काळी होईपर्यंत, डास मारत, घोडीशी बोलत थांबायचा. निजाम यायचा तेव्हा त्याच्या कपड्यांना गूळ करपल्यासारखा वास यायचा. एखाद्या दिवशी अड्ड्याच्या दारातूनच हात हलवायचा, तू हो पुढे. आईची शपथ घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी मोडायचा. चांदणीच्या गळ्यातले घुंगरू गेले, तेव्हा अन्सारने विचारलंसुद्धा नाही. ईदला रेहानाला दिलेल्या चांदीच्या बांगड्या निजाम परत मागायला गेला, तेव्हा तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्याच्यासमोर एकेक करून उतरवल्या. तिच्या बापाने मंगनी मोडली. खिडकीतलं हसू बंद झालं.

निजामची आई गुलजारबी विधवा. एके दिवशी ती अन्सारच्या दारात आली.

"तू का थांबतोस रे त्याच्यासाठी?"

"नाय थांबलो तर अंधारात पायी येईल, खाला."

"नको थांबूस. थेट घरी आण त्याला. माझ्या उंबऱ्यात आणून सोड. मग मी बघते."

अन्सारने कबूल केलं. त्याच संध्याकाळी कडुनिंब आला, तसा त्याने चाबूक उचलला. चांदणी उधळली.

"थांब ना, अन्सार."

त्याने लगाम सैल सोडला.

"एकदाच रे... पोटात पिळतंय... थांब ना."

अन्सारने दात आवळले. आणि मग टांगा हलका झाला. उडी मारली असणार, चालत्या टांग्यातून उडी मारणं ही तर त्याची जन्माची सवय. गेला मसणात, असं अन्सारच्या मनात आलं. राग इतका आला होता, की त्याने मागे वळून पाहिलं नाही. सकाळी दूधवाल्यांना निजाम सापडला, रस्त्याकडेच्या दगडाशी. पूर्वी तो पायांवर उतरायचा. अफूने त्याचे ते पाय नेले होते, हे त्यालाही ठाऊक नसावं.

अड्डा पोलिसांनी बंद केला. गुलजारबीने अन्सारला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच त्याला जड गेलं. तिच्या दारावरून जायला नको म्हणून तो घरी जायची वाट बदलून जाऊ लागला.

आणि आता हे.

दुसऱ्या संध्याकाळी तसंच झालं, तिसऱ्याही. टांगा रिकामा असला की स्टेशनापासून मागे वजन बसायचं आणि कडुनिंबापाशी जायचं. पहिले काही दिवस अन्सारची बोबडी वळायची. मग, आता तुम्ही हसाल, त्याला त्या वजनाची सवय झाली. घरात खोकणारा बाप, स्टेशनावर टवाळखोर टांगेवाले. जन्मभराची दोस्ती एकाच माणसाशी केलेली, तो गेल्यावर बोलायला उरलं कोण? तो मागे न पाहता बोलू लागला. घोडीचा नाल सैल झालाय. आज एक मारवाडी भाड्यावरून भांडला. मागून सूं सूं श्वास यायचा. कडुनिंब आला की तो स्वतःहून थांबायचा, वजन हलकेच उतरायचं, आणि अन्सार अंधार पडेपर्यंत वाट पाहत बसायचा. पडक्या भट्टीत दिवा नसायचा, माणूस नसायचं. परत मात्र कुणी यायचं नाही. मग तो एकटा घरी जायचा, आणि तेवढा रस्ता त्याला सगळ्यात लांब वाटायचा.

निजामला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा रेहानाच्या बापाने अन्सारच्या बापाकडे बोलणं काढलं. कष्टाळू मुलगा, विडीसुद्धा ओढत नाही, आणखी काय पाहिजे? अन्सारला आनंद झाला आणि त्या आनंदाची शरमही वाटली. एके सकाळी तो रेहानाच्या खिडकीखालून जात होता, तेव्हा आतून आवाज आला.

"तुम्ही रोज कडुनिंबापाशी थांबता म्हणे."

"हो."

"एकटेच?"

अन्सार मान खाली घालून पुढे निघाला.  दुपारी निरोप आला, की मुलगी राजी आहे.

निकाह लासलगावला, रेहानाच्या मामाकडे झाला. परतताना आगगाडीने सगळे नाशिकरोडला उतरले. वऱ्हाड दुसऱ्या टांग्यांतून पुढे गेलं. अन्सारचा टांगा स्टेशनावरच एका टांगेवाल्याकडे ठेवलेला होता. नवरीची जड ट्रंक त्याने मुद्दाम पुढे, आपल्याशेजारी चढवली. मागच्या बैठकीवर पडदा बांधून रेहाना बसली. एवढी बारीक पोरगी मागे आणि लोखंडी ट्रंक पुढे. दांड्या दाबायलाच हव्या होत्या.

स्टेशनाचे दिवे मागे पडले आणि दांड्या उचलल्या गेल्या.

आजवर दुसरं माणूस टांग्यात असताना तो कधी आला नव्हता.  पडद्याआड कपड्यांची सळसळ झाली, कुणी सरकून जागा करून द्यावी तशी.

"रेहाना... नीट बसलीस ना?"

"बसलेय."

वडाखालून टांगा चालला. मागे ती काहीतरी पुटपुटत होती, फार हळू. चाकांच्या आवाजात शब्द लागत नव्हते. मध्येच ती थांबायची, ऐकल्यासारखी, आणि पुन्हा बोलायची. गूळ करपल्याचा वास येऊ लागला. चांदणीचा एक कान सारखा मागे होता.

कडुनिंब दिसला. अन्सारचा हात सवयीने लगाम ओढायला गेला.

"थांबू नका," पडद्यामागून रेहाना म्हणाली.

"पण तो..."

"मी धरलंय त्याला. तुम्ही चला."

अन्सारने चाबूक उचलला. कडुनिंब मागे गेला. फळी करकर वाजली, टांगा डावीकडे उजवीकडे हिंदकळला, मागे कुणी झोंबत असल्यासारखा. मग पुलाची फरशी चाकांखाली घुमली. टांगा हलका झाला नव्हता. पूल ओलांडल्यावर अन्सारच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आणणार म्हणून सांगितलं होतं, आणि आज तो खरंच त्याला आणत होता.

आज त्याने वाट बदलली नाही. गुलजारबीच्या दारात त्याने टांगा उभा केला. ती दिवेलागणीचा कंदील घेऊन बाहेर आली, नवरीचं तोंड पाहायला. तिने पडदा सारला आणि तिथेच थबकली. त्या वासाची तिला ओळख होती.

"खाला, आणलाय त्याला," अन्सार म्हणाला.

गुलजारबीने कंदील खाली ठेवला आणि दाराची दोन्ही कवाडं उघडली. उंबऱ्याकडे बघत ती हलक्या आवाजात म्हणाली, "ये बाळा. ये आत."

सगळे थांबले. दांड्या तशाच उचललेल्या.

"सोड आता त्याला," अन्सार रेहानाला म्हणाला. "घर आलंय त्याचं."

रेहानाचा चेहरा कंदिलाच्या उजेडात पांढराफटक दिसत होता. दोन्ही हात तिने मांडीवर उघडे ठेवले होते. मेंदीने रंगलेले, रिकामे.

"मी केव्हाच सोडलंय," ती म्हणाली. "पुलावरच. तोच सोडत नाय..."

गुलजारबी बराच वेळ कवाडं धरून उभी होती. उघड्या दारातून कुणी आत गेलं नाही.

शेवटी अन्सारने टांगा आपल्या अंगणात आणला. बायकांनी नवरीला उतरवून घरात नेलं. त्याने ट्रंक उतरवली, पट्टे सोडले, चांदणीला दांड्यांतून बाहेर काढून तबेल्यात बांधलं. एरवी टांगा सोडला, की दांड्या पुढे जमिनीवर टेकायच्या. बापाच्या वेळेपासून तिथे त्यासाठी एक दगड ठेवलेला होता.

दगड मोकळाच राहिला. दांड्या वर, हवेत होत्या.

अन्सारने त्या दोन्ही हातांनी धरल्या, सगळं अंग टाकून खाली आणल्या आणि दगडाला टेकवल्या. मग हात काढून घेतले. मागची फळी करकरली आणि त्या हळूहळू पुन्हा वर गेल्या.

अंगणाकडच्या खिडकीतून रेहानाचा आवाज आला. ती कुणाला तरी समजावत होती, की आता संध्याकाळ सरली आहे, आता कुठे जायचं नाही.