सँडबॅगर कोणाला म्हणता?

बोलिंगच्या हॉलमध्ये शेजारच्या दोघांनी एकदम चेंडू उचलला, तर उजव्या लेनवरचा आधी टाकतो. मिलवॉकीच्या आमच्या भागात पोरांना बुटाची नाडी बांधता येण्याआधी हे कळतं. म्हणून ऑक्टोबरातल्या त्या गुरुवारी मी पाऊल टाकलं आणि डावीकडून एक उंच माणूस माझ्याबरोबरच सुटला, तेव्हा माझा चेंडू लेनच्या कडेच्या गटरमध्ये गेला आणि माझं तोंड सुटलं.

"डोळे आहेत ना तुम्हाला?"

"आहेत," तो म्हणाला. "पण ते... तुमच्याकडेच लागले होते."

चूक करायची आणि वर असं हसायचं! डेल क्रूगर त्याचं नाव. बिअरच्या कारखान्यात पिंपं तपासायचा आणि मार्व्ह पिट्सच्या संघात नवीन आला होता. आमच्या संघाची लेन त्यांच्या शेजारची, त्यामुळे दर गुरुवारी तो माझ्या वाट्याला आलाच.

माझा चेंडू पहिल्या पिनेच्या नको त्या बाजूला लागायचा, तरी कधीकधी दहाच्या दहा पिना आडव्या व्हायच्या. अशा नशिबाच्या स्ट्राइकला आमच्याकडे ब्रुकलिन म्हणतात. टाळ्या पडत असतानाच शेजारच्या बाकावरून हळूच आवाज यायचा, "ब्रुकलिन..." जणू मी त्याच्या खिशातून काही काढलं होतं. मी त्याला सांगितलं की पडलेल्या पिनेला कुठून पडलीस असं कोणी विचारत नाही. त्यावर तो तळलेल्या चीजचा कागदी द्रोण माझ्यापुढे धरायचा. त्यातला सगळ्यात मोठा तुकडा नेहमी शिल्लक असायचा. मी कोणाचं काहीच नजरेआड करत नाही. तेही केलं नाही.

नाताळ जवळ आला तेव्हा त्याने मला विचारलं, हा चेंडू कोणाचा. वडिलांचा, मी म्हणाले. ते गेल्यापासून मीच वापरते.

"तुमच्या वडिलांचा अंगठा चांगलाच जाड होता, मिस काचमारेक. तुमचा चेंडूच्या त्या भोकात पोहतोय."

मग त्याने माझा हात दिव्याखाली धरला आणि अंगठ्यावरचा फोड पाहिला. फोड एवढासा, पाहायला वेळ बराच लागला. मी हात काढून घेतला नाही — ते माझं मी बघेन. भोकं बुजवून तुमच्या बोटांच्या मापाची पाडून घ्या, एवढं मात्र त्याने बजावून सांगितलं.

मी पाडून घेतली. नव्या वर्षात माझे गुण असे चढले की बघत राहावं. लागोपाठ तीन स्ट्राइक, ज्याला आम्ही टर्की म्हणतो, ती मला एका संध्याकाळी दोनदा मिळाली. चीजचे द्रोण दोन येऊ लागले. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल...

बोलला मार्व्ह. मार्चमधल्या एका गुरुवारी लीगची सेक्रेटरी बर्निस मला कोट टांगायच्या खोलीत घेऊन गेली आणि दार लावून म्हणाली की माझ्याविरुद्ध तक्रार आली आहे. मी सँडबॅगर आहे म्हणे. म्हणजे सरासरी खाली राहावी आणि संघाला सवलतीच्या पिना, म्हणजे फुकटचे गुण, जास्त मिळावेत, म्हणून नाताळापर्यंत मी मुद्दाम वाईट खेळले. तक्रार खरी ठरली तर लीगमधून माझं नाव जाणार, आणि संघाचे सगळे विजय रद्द. तक्रार कोणाची, मी विचारलं.

"मार्व्हच्या अख्ख्या संघाची."

ज्या हॉलमध्ये माझ्या वडिलांनी जन्म घालवला, तिथे त्यांच्या मुलीचं नाव चोर म्हणून फळ्यावर लागणार होतं. मी दार उघडून बाहेर आले.

हॉलमध्ये सामसूम होती. डेलने सलग नऊ स्ट्राइक मारले होते. आणखी तीन, की पूर्ण तीनशे गुण, ज्याच्या वर काही नसतं. अशा वेळी खेळाडूशी कोणी बोलत नाही, त्याच्याकडे कोणी बघतही नाही. त्याचा स्वतःचा संघ पाठ फिरवून बसतो. ही शांतता मी चर्चमधल्या शांततेपेक्षा जास्त पाळत आले आहे. पण चोराला कसले आले नियम? मी सरळ जाऊन त्याच्यापुढे उभी राहिले. मला थांबवायला मार्व्ह दोन्ही हात हलवत राहिला.

"भोकं बदलायला मला कोणी सांगितलं?"

"मी."

"मग मी मुद्दाम वाईट खेळले असं मार्व्हने लिहिलं, तेव्हा तुझं तोंड कुठे होतं?"

त्याने हात पुसले. पुन्हा पुसले. "लिहू नकोस म्हणालो होतो. चेंडूचंही सांगितलं. त्याने ऐकलं नाही. मग... गप्प बसलो. संघात नवा आहे ना."

"बस तर असाच गप्प. होशील जुना."

तो वळला आणि त्याने चेंडू टाकला. मधल्या आठ पिना गेल्या आणि मागच्या रांगेतल्या दोन टोकांच्या तेवढ्या उभ्या राहिल्या. आम्ही त्यांना पलंगाचे खांब म्हणतो. अख्खा हॉल कण्हला. दुसरा चेंडू त्याने त्या दोन खांबांच्या मधून बिनधास्त जाऊ दिला आणि तसाच बर्निसच्या टेबलाशी गेला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की तक्रार खोटी आहे, मिस काचमारेक पुरुषाच्या हाताच्या चेंडूने खेळत होत्या, आणि मार्व्हला ते ठाऊक होतं. तक्रार करणाऱ्यांतून आपलं नाव काढा, असंही बजावलं.

बर्निसने मार्व्हकडे पाहिलं. मार्व्ह छताकडे पाहत म्हणाला की मग दुसरा संघ शोध.

"शोधतो," डेल म्हणाला.

सँडबॅगर म्हणून मी तिथल्या तिथे सुटले. पण तीनशेचा डाव मोडला म्हणून त्या हॉलने मला अजून माफ केलेलं नाही. हात त्याचा, चेंडू त्याचा, आणि दोष माझा. मी तरी कोणाकडे माफी मागितली आहे?

बाहेर आले तर तो माझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. मी माफी मागणार नाही, मी आधीच सांगून टाकलं.

"नकोच. आठव्या स्ट्राइकपासून माझ्या डोक्यात एकच होतं... तू बघते आहेस की नाही. आणि तू कुठे दिसेचना."

"कोटांच्या खोलीत होते. तुझ्या संघाच्या कृपेने."

"मग धर राग. मी गप्प बसलो, तो धरायलाच हवा." काचेवरचा त्याचा हात थांबला. "फक्त जवळ बसून धर. मला... तू लांब गेलेली चालणार नाही."

मी गाडीत बसले, वाकून पलीकडच्या दाराची कळ वर केली, आणि तो शेजारी येऊन बसल्यावर सगळं पुन्हा पहिल्यापासून सुनवायला घेतलं.