उशिरा बोलणारा आकडा

या सौद्यात यशोधन घोरपडेचा फायदा उघड होता. वैद्यकीय महाविद्यालयाच्या या हुशार विद्यार्थ्यानं एक आठवडा दंडावर ‘जुळी’ बांधायची आणि साखरेचा आलेख सपाट ठेवायचा. ज्याचा आलेख सर्वांत सपाट, त्याला चंद्रावरच्या दवाखान्यात शिकायला जायला मिळणार होतं.

अकरा वर्षांच्या शाल्मलीला चंद्र नको होता. तिला टेकडीवरच्या वेधशाळेतलं शिबिर हवं होतं. पण तिला लहानपणापासून मधुमेह, आणि आई म्हणायची, “वर काही झालं तर कोण बघणार?” शेवटी शाल्मलीवर उपचार करणाऱ्या आणि यशोधनला शिकवणाऱ्या तांबोळी मॅडमनी तोडगा काढला. यशोधनला मधुमेहासोबत जगायला शाल्मलीनं शिकवायचं; तो तयार झाला, की शिबिराला तोच सोबत जाईल. म्हणजे विद्यार्थी कच्चा राहिला तर मास्तरीणबाई घरी.

जुळी हा मऊ पट्टा होता. तो खऱ्या रक्ताला हात लावत नसे. त्याच्या आत एका खोट्या शरीराची साखर वरखाली होई. तुम्ही काय खाल्लं, किती चाललात, हे पट्टा बघे आणि त्या खोट्या शरीराला जे वाटेल, ते मज्जातंतूंमार्फत तुमच्या अंगात उतरवे.

“सोपं आहे,” यशोधन म्हणाला. “या धड्यात मी वर्गात पहिला होतो.”

“धड्याला भूक लागत नाही, दादा,” शाल्मली म्हणाली. “तुझं शरीर इन्शुलिन (साखरेला रक्तातून पेशींत जाऊ देणारं रसायन) स्वतः बनवतं. माझं बनवत नाही. ते बाहेरून घ्यावं लागतं, आणि बाहेरून घेतलेलं उशिरा पोहोचतं. आंघोळीला गरम पाण्याचा नळ सोडलास की आधी काय येतं?”

“नळीतलं गार पाणी.”

“मग तू काय करतोस?”

“आणखी सोडतो.”

“आणि मग?”

“भाजतं,” यशोधन हसला. त्याला कळलं, असं दोघांनाही वाटलं.

शिबिराला जाणारी वाट पाहून ठेवायला ते टेकडीवर निघाले, त्या सकाळी यशोधननं शिरा खाल्ला. आकडा चढला. त्यानं जुळीचं बटण दाबून खोटं इन्शुलिन घेतलं. आकडा हलेना. परीक्षेत पुरवणी जोडल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही असा हा मुलगा. त्यानं गुपचूप आणखी घेतलं, आणि वर थोडं आणखी.

अर्ध्या चढावर तो खाली बसला. त्याला दरदरून घाम फुटला होता.

“शाल्मली, काहीतरी वाईट होणार आहे.”

“काय?”

“माहीत नाही. पण होणार आहे.” तो झुडपांकडे बघत होता. “पट्टा काढ हा.”

“माझा निघतो का?”

त्यानं दंड मागे घेतला. मग तिनं आवाज मऊ केला. “साखर उतरली की मेंदू उपाशी राहतो. मग शरीर अ‍ॅड्रेनलिन (धोक्याची घंटा वाजवणारं रसायन) सोडतं. घंटा वाजली की माणूस घाबरतो, समोर वाघ असो की नसो. ह्या घे साखरेच्या गोळ्या. थोड्याच खा.”

त्यानं सगळं पाकीट तोंडात रिकामं केलं. घाबरलेलं शरीर ‘थोड्याच’ ऐकत नाही.

“हावरट,” शाल्मली म्हणाली. “मीही तेच करायचे.”

ते उतरू लागले. काही वळणांनंतर यशोधनच्या लक्षात आलं, की मघापासून ही टोमणा मारत नाहीये.

“बरी आहेस ना?”

“बरीच आहे. सारखं काय विचारतोस?” ती चिडली. तिच्या दंडावरचा साखर मोजणारा मापक तिनंच पुढे केला. “बघ. आकडा ठीक आहे.”

आकडा खरंच ठीक होता. पहिल्या नंबराचा विद्यार्थी तिथून पुढे चालू लागला असता. पण गार वारा असून तिच्या ओठावर घाम होता, आणि तिचे डोळे झुडपांत काहीतरी शोधत होते. तो वाघ त्यानं नुकताच पाहिला होता.

आणि नळी आठवली. मापक रक्तात नसतो. तो कातडीखालच्या पाण्यात बसतो, आणि साखरेची बातमी तिथे उशिरा पोहोचते. चढताना तिच्या स्नायूंनी साखर ओढून घेतली होती. आकडा सांगत होता ते मघाचं.

त्यानं खिसे चाचपले, रिकामे. गोळ्या त्याच्याच पोटात होत्या. तो घाबरला, आणि या वेळी जुळीचा काही संबंध नव्हता.

“पाठीवर बस.”

“मी काय लहान आहे?”

“बस म्हणतो ना.”

पायथ्याशी रसवंती होती. तो पळाला. पाठीवरची शाल्मली आधी कुरकुरत होती, मग पुटपुटत होती, मग गप्प झाली. तो तिला सारखं काहीतरी विचारत राहिला. एखादं “हूं” आलं की पुढचं पाऊल पडे. बाकावर बसवून त्यानं उसाच्या रसाचा पेला तिच्या ओठांना लावला. “गीळ. आणखी एक घोट.” पेला रिकामा होत आला, तेव्हा कुठे मापक कोकलला.

“आला बाबा,” बऱ्याच वेळानं शाल्मली म्हणाली. “लग्न लागल्यावर वाजंत्री.”

यशोधनचा आलेख कड्यावरून पडून आभाळात गेलेला होता. चंद्र दुसऱ्याला मिळाला. तो शहाणा आठवडाभर खोलीत बसून मोजून खिचडी खात होता.

शाल्मलीनं आईला सगळं सांगितलं, गोळ्या कुणी खाल्ल्या तेसुद्धा. आईनं विचारलं, “आकडा ठीक असतानाही त्याला कळलं?” मग म्हणाली, “तो येणार असेल तर जा.”

आता शेवटची गोळाबेरीज. शिबिर शाल्मलीला मिळालं, त्याची किंमत यशोधनच्या चंद्रानं भरली. भीतीचं म्हणाल, तर त्यानं एका आठवड्यापुरती भरली आणि पट्टा परत केला. शाल्मली रोज भरते, अजूनही. कधीतरी कुणीतरी तो पट्टाही सोडवेल. तोवर वेधशाळेच्या वाटेवर तिच्या मागोमाग एक डॉक्टर चालतो, दोन्ही खिसे गोळ्यांनी फुगवून, आणि आकड्याआधी तिच्या तोंडाकडे बघतो.